तंजावर भाड्याने घेताना

तंजावरात जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत घर भाड्याने मिळत नाही. घरं रिकामी असतात, दारावर 'टू-लेट'च्या पाट्या लटकत असतात, मालक ओट्यावर पेपर वाचत बसलेले असतात, घर दाखवतातही. पसंत पडलं म्हणालात की म्हणतात, "आवणीत या." कारण तेव्हा आडी महिना चालू असतो, आवणी त्याच्या पुढचा. आडीत लग्न नाही, मुंज नाही, नव्या घरात पाऊल नाही.

बायकोची बदली नेमकी आडीत झाली. ती अन्नप्रक्रियेच्या क्षेत्रात आहे आणि मी घरी बसून भाषांतरं करतो. यातलं 'घरी बसून' करायचं तर आधी घर लागतं. ते नसल्यामुळे मी लॉजवर बसून भाषांतरं करू लागलो आणि आमचा संसार एका गोडाऊनमध्ये खोकी होऊन पडला.

गंमत म्हणजे याच महिन्यात गावातली यच्चयावत दुकानं आडीचा सेल लावतात. शुभकार्यं नाहीत म्हणून गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक नाही म्हणून सवलत. फ्रिज स्वस्त, कुकर स्वस्त, साड्या तर विचारू नका. अख्खा संसार निम्म्या भावात मिळत होता, मांडायला जागा तेवढी नव्हती. तरी बायकोने कोइमतूरचा वेट ग्राइंडर घेतलाच. "इथे राहायचं तर हा हवाच," असं तिला दुकानदाराने, लिफ्टमधल्या बाईंनी आणि रिक्षावाल्याने स्वतंत्रपणे सांगितलं होतं. तो दगडी ऐवज आम्ही लॉजवरच्या पलंगाखाली सरकवला. दुसऱ्या दिवशी खोली झाडायला आलेल्या मुलाने तो पाहिला आणि संध्याकाळी मॅनेजर स्वतः वर येऊन नम्रपणे म्हणाले, "सार, खोलीत इडली नको."

आवणी लागली आणि आम्ही राजवाड्यामागच्या गल्लीत एका घराची मुलाखत द्यायला गेलो. एकाला एक चिकटलेली दोन घरं, एकात मालक, दुसरं भाड्याने. मालकांनी वही उघडली. संभाषण इंग्रजीतून सुरू झालं.

"कुठले?"

"महाराष्ट्र. पुणे."

"नॉर्थ," असं म्हणत त्यांनी लिहून घेतलं.

"नॉर्थ नाही सर. महाराष्ट्र."

"मद्रासच्या वर?"

"हो."

"नॉर्थ."

ज्या पुण्यात आमच्या बदलीची बातमी "साउथला गेले हो" अशी पसरली, त्या पुण्याची ही अवस्था पाहून मी गप्प बसलो.

"व्हेज?"

"व्हेज."

"कांदा-लसूण?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. "कधीमधी," पंख्याकडे पाहूनच मी म्हणालो. त्यांनी वहीत बरंच काही लिहिलं.

मामला हातचा जातोय असं दिसताच मी हुकमाचं पान टाकलं. छाती थोडी पुढे काढून म्हणालो, "सर, तंजावर काही आम्हाला परकं नाही. इथे आमच्या भोसल्यांचं राज्य होतं."

तिथेच घोटाळा झाला. मालक निवृत्त शिक्षक होते आणि त्यांचा विषय इतिहास होता.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "1673 साली मदुरैच्या नायकाने तंजावर घेतलं. इथल्या घराण्यातला एक पोर वाचला. त्याच्या बाजूने विजापूरला दाद मागितली. विजापूरकरांनी व्यंकोजीराजांना पाठवलं, की जा आणि त्याची जागा त्याला मिळवून द्या. त्यांनी मिळवून दिली. मग थोड्याच दिवसांत स्वतःच तिथे राहायला लागले." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "आणि 1855 पर्यंत जागा सोडली नाही. ऐंशी अधिक शंभर वर्षं. म्हणून आपला करार अकरा महिन्यांचा."

1677 साली खुद्द शिवाजीमहाराज कोळ्ळिडमच्या काठी तिरुमळवाडीला येऊन उतरले होते, वडिलांच्या दौलतीतल्या वाट्याची बोलणी करायला. व्यंकोजीराजे भेटीला आले, राहिले आणि एका रात्री नदी ओलांडून गुपचूप तंजावरला परतले. हा प्रसंग मालकांनी काढला नाही, एवढी मेहेरबानी. नाहीतर अ‍ॅडव्हान्स दुप्पट झाला असता.

किल्ली मिळाली, पण घरात शिरायची वेळ ठरवायला मामींनी, म्हणजे मालकांच्या सौभाग्यवतींनी, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. या कॅलेंडरबद्दल सांगायलाच हवं. तमिळ घरात रोज एक पान फाडायचं जाडजूड कॅलेंडर असतं आणि त्या तळहाताएवढ्या पानावर त्या दिवशी तुम्ही काय करू नये हे सगळं छापलेलं असतं. आपल्या कालनिर्णयाच्या मागे निदान वड्यांची पाककृती तरी असते. इथे राहुकाळ, यमगंड आणि शूलम. राहुकाळ सोमवारी साडेसात ते नऊ, मंगळवारी तीन ते साडेचार, बुधवारी बारा ते दीड. एकही वार त्यातून सुटत नाही आणि कुठल्याही दोन वारांची वेळ सारखी नाही. यमगंडाचं वेळापत्रक वेगळं. शूलम म्हणजे त्या वारी कुठल्या दिशेला जाऊ नये ते. गुरुवारी दक्षिण वर्ज्य. बायकोचं ऑफिस बरोबर दक्षिणेला. पण त्यावर तोडगाही त्याच पानावर छापलेला असतो, तेल. तेव्हापासून दर गुरुवारी मामी कुंपणावरून तेलाची वाटी पुढे करतात आणि अन्नशास्त्रात डॉक्टरेट घेतलेली माझी बायको मुकाट्याने बोट बुडवून मग स्कूटर सुरू करते.

माझा मेहुणा तोक्योत असतो. त्याने फोनवर आपली रडगाणी ऐकवली. तिथे घर घेताना डिपॉझिटशिवाय 'रेइकिन' म्हणून वेगळी रक्कम द्यावी लागते. मालकाने घर दिलं याबद्दल आभार म्हणून, आणि ती परत मिळत नाही. शिवाय कुठला कचरा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा याचा तक्ता भिंतीवर. "बाटल्या एका वारी, कागद दुसऱ्या वारी!" तो कळवळून म्हणाला. मी त्याला म्हटलं, अरे, तुझ्याकडे कचऱ्याचे वार ठरलेत, आमच्याकडे माणसांचे.

सोमवारी पहाटे पाल काच्चायचं ठरलं. नव्या घरात पहिल्यांदा दूध तापवायचं आणि उतू घालवायचं, पूर्वेकडे गेलं तर उत्तम. आपल्याकडे वास्तुशांतीला हे करतात, पण भाड्याच्या घरात कोण करतंय? इथे करतात. हळदीचा दोरा बांधलेलं नवं पातेलं, समोर कोलम (म्हणजे इथली रांगोळी), शेगडीभोवती मामा, मामी, मामींची बहीण, समोरच्या घरातल्या दोघी आणि टेम्पोवाल्याची दोन पोरं. दूध शेगडीवर चढलं. बायको नमस्कार करून उभी. शेगडीच्या बटणाशी मी.

आता मराठी घरात वाढलेल्या मुलाला बटणाशी उभं करणं हीच चूक होती. "दूध ठेवलंय, बघ रे जरा," या एका वाक्यावर आमची पिढी मोठी झाली. क्रिकेटचे सामने सोडून आम्ही दुधाकडे बघत उभे राहिलो आहोत. उतू गेलं तर पाठीत धपाटे खाल्ले आहेत. कडेला बुडबुडे आले, साय थरथरली, दूध काठाला टेकलं, आता सांडणार, इतक्यात माझ्या हाताने माझ्या परवानगीशिवाय खटकन गॅस बंद केला. थेंबही सांडला नाही. असा नेम मला लहानपणी कधी साधला नव्हता. मी कौतुकाच्या अपेक्षेने मागे वळलो.

मामींच्या बहिणीने तोंडाला पदर लावला होता. बायकोने डोळे मिटले होते. मामांनी घड्याळ पाहिलं.

एकदा साय धरलेलं दूध चालत नाही म्हणून नवं दूध आणायला पोरगं धावलं. ते परत आलं तेव्हा सात बत्तीस झाले होते. साडेसातला राहुकाळ लागलेला. आता नऊपर्यंत काही हलवायचं नाही. टेम्पोतून निम्मं सामान उतरलेलं, त्यातला सोफा गल्लीच्या मधोमध. त्यावर हमाल ओळीने बसले आणि मामींनी पितळी डबरा-टंबलरमधून सगळ्यांना फिल्टर कॉफी दिली. कॉफी इतकी फर्मास होती की हमालांनी तासाचे पैसे धरले याचं मला अर्धंच दुःख झालं. येणारे-जाणारे थांबून सोफा दाबून बघत होते. एका गृहस्थांनी भाव विचारला. उत्तर ऐकायला ते थांबले असते तर मी बहुतेक दिला असता.

नवाच्या ठोक्याला दूध पुन्हा चढलं. या वेळी मला दाराबाहेर उभं केलं होतं. दूध व्यवस्थित पूर्वेकडे उतू गेलं, सगळ्यांनी हात जोडले, आणि ते पूर्वेकडूनच बर्नरमध्ये शिरून शेगडी बंद पडली. मेकॅनिकला फोन केला. "येतो सार," तो म्हणाला, "बारानंतर." साडेदहा ते बारा यमगंड होतं.

संसार मांडला, तर तिसऱ्या-चौथ्या सकाळी समोरच्या घरातल्या अक्का हळू आवाजात बायकोला विचारू लागल्या, "घरी सगळं ठीक आहे ना?" दुपारी दुसऱ्या एकींनी विचारलं. संध्याकाळी मामींनी खुलासा केला. आमच्या दारात कोलम नव्हता. घरात कुणी गेलं असेल तरच इथे दारात कोलम काढत नाहीत. आम्ही आल्यापासून रोज सकाळी गल्लीला सुतकाची बातमी देत होतो.

बायको सकाळी लवकर जाते, तेव्हा हे खातं माझ्याकडे आलं. आपली रांगोळी दगडाच्या भुकटीची, चिमटीतून अलगद सुटते. कोलम तांदळाच्या पिठाचा. ते पीठ चिमटीला चिकटून बसतं आणि नको तिथे एकदम पडतं. आधी ठिपके मांडायचे, मग त्यांच्या भोवतीने एकच रेघ फिरवत न्यायची, ती जिथून सुटली तिथे येऊन मिळाली पाहिजे. माझी रेघ जिथून सुटली तिथे कधीच आली नाही. ती शेजारच्या घरात गेली, गटाराच्या कडेने गेली, एकदा स्कूटरखाली जाऊन तिथेच राहिली. लुंगी लावून उकिडवा बसलेला, पिठाने माखलेला नॉर्थ इंडियन बघायला शाळेची पोरं वाट वाकडी करून येऊ लागली. त्यातली एक चौथीतली मुलगी रोज माझ्या हातातून पीठ काढून घेते, माझी रेघ पायाने पुसते आणि दोन मिनिटांत स्वतःचा कोलम घालून शाळेत जाते. मध्यंतरी मी बाजारातून कोलमचं स्टिकर आणून चिकटवलं. तिने ते पाहिलं आणि विचारलं, "मुंग्या हे खातात का?" पीठ मुंग्यांसाठी असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी स्टिकर निघालं, मुंग्यांची आणि माझी अब्रू वाचली.

तमिळ मी पुस्तकातून शिकून आलो होतो. पुस्तकातली तमिळ आणि बाजारातली तमिळ यांची एकमेकींशी बोलाचाल नाही, हे पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. मी भाजीवालीला पूर्ण व्याकरणशुद्ध प्रश्न विचारला. तो तिच्या कानाला "हे भगिनी, या वृंताकांचं मूल्य कथन करावं" असा काहीसा लागला असणार, कारण तिने शेजारच्या गाड्यावरच्या बाईला हाक मारली आणि मला तोच प्रश्न पुन्हा विचारायला लावला. वांगी मात्र तिने फुकट दिली. बातम्या देणाऱ्याकडून पैसे कसे घ्यायचे, असं तिला वाटलं असावं.

विजेचंही एक सांगतो आणि पुढे जातो. तामिळनाडूत घरगुती वीजबिल दोन महिन्यांचं येतं आणि त्यातले पहिले 100 युनिट सरकार फुकट देतं. मालकांनी आम्हाला सबमीटर बसवून दिला आहे. त्यावर पहिल्या युनिटापासून पैसे. ते 100 युनिट कुणाचे, असं मी एकदा इतिहासाच्या ओघात विचारलं. मामा म्हणाले, "सरकारचे."

सांबाराचं प्रकरण मात्र गंभीर आहे. मामींचं सांबार हा या घराचा खरा फायदा. रोज बाराच्या सुमारास कुंपणावरून वाटी येई, कधी शेवग्याचं, कधी पांढऱ्या भोपळ्याचं, शुक्रवारी छोट्या कांद्याचं. (कांद्याच्या बाबतीत त्या वहीत नेमकं काय लिहिलं होतं, हे मला शुक्रवारपर्यंत कळलं नव्हतं.) एका दुपारी तृप्त होऊन मी मामींना ती सुप्रसिद्ध गोष्ट ऐकवली. संभाजीराजे तंजावरला पाहुणे आले, आमटीला आमसूल नव्हतं, मुदपाकखान्यात चिंच घालून वेळ मारून नेली आणि राजांच्या नावावरून त्या आमटीचं सांबार झालं. पुरावा मागू नका, नाही. पण आपल्याकडे ही गोष्ट सांगताना आवाज आपोआप चढतो, तसा माझा चढला. "म्हणजे मामी, बघायला गेलं तर सांबार आमचंच!"

मामी काही बोलल्या नाहीत. हसल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी वाटी आली नाही. तिसऱ्या दिवशी आली नाही. कुंपणापलीकडे फोडणीचा चर्र आवाज यायचा, हिंगाचा वास यायचा, वाटी नाही. आमच्या बाजूने बायकोने मिरची-लसणाचा ठेचा परतला, तर कुंपणापलीकडे सहकुटुंब ठसका लागला आणि संबंध आणखी ताणले गेले. अखेर ती तहाची बोलणी करायला गेली. "तुमचं आहे ना, मग तुम्हीच करा म्हटलं," मामींनी शांतपणे सांगितलं. त्या रविवारी मी कुंपणाशी उभं राहून, मामा साक्षीला असताना, सांबार तमिळांचंच आहे, होतं आणि राहील असं कबूल केलं. आमटी आमची, हे कलम मात्र मी राखून ठेवलं.

मामांनी त्या दिवशी मला बाजूला घेऊन समजावलं. सरफोजीराजांनी 1799 मध्ये तह केला, राज्याचा कारभार कंपनीकडे गेला, त्यांच्याकडे उरला किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख. "म्हणजे स्वतःच्याच घरात पोटभाडेकरू. पण चिडले का? नाही. ग्रंथ जमवले, देवनागरी छापखाना काढला, 1806 साली मराठीत इसापनीती छापली. तुमच्या पुण्यात तेव्हा छापखाना होता?" नव्हता. "आणि इंग्रजांनी नेपोलियनला हरवलं तर यांनी इथे समुद्रकाठी मनोरा बांधला. नेपोलियनने तंजावरचं काय बिघडवलं होतं? काही नाही. पण मालक खूश असला की भाडेकरूला झोप लागते."

मनोरा बांधायची ऐपत नसल्यामुळे मी तिरुवय्यारहून अशोका हलवा आणून दिला. मुगाच्या डाळीचा, तुपात पोहणारा. वाटी पुन्हा सुरू झाली.

या गावात मला अडखळल्याशिवाय वाचता येणारी एकच भिंत आहे. राजराज चोळाने 1010 साली पुऱ्या केलेल्या बृहदीश्वराच्या आवारात सरफोजींनी 1803 मध्ये भोसले घराण्याचा अख्खा इतिहास मराठीत दगडावर कोरून घेतला आहे. दोन-अडीचशे फुटी शिखराकडे जग तोंड वर करून बघतं, तेव्हा मी आडोशाच्या ओवरीत भिंतीला नाक लावून वाचत असतो. घरमालकाच्या भिंतीवर खिळा ठोकायला मला लेखी परवानगी लागते. सरफोजींनी चोळांच्या भिंतीवर घराण्याची हकीकत कोरली, त्या माणसाबद्दल दर वेळी आदर वाढतो.

तिथेच एकदा एका आजींची गाठ पडली. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचं, लोक त्यांना रायर म्हणतात, घरात मराठी. मी हरखून गडगडाटी बोलायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग नातीला तमिळमध्ये काही सांगितलं. नात म्हणाली, "आजी विचारतेय, तुम्ही मराठी कुठे शिकलात? इंग्रजी फार आहे त्यात." मी 'टाइम', 'ऑफिस', 'अ‍ॅक्च्युअली' असं मोजून टाकत गेलो तसा मुका होत गेलो. आजी ज्या मराठीत बोलत होत्या तिच्यातलं निम्मं मला कळलं नाही. ते निम्मं तमिळ होतं की सतराव्या शतकातलं मराठी, हे विचारायचा धीर झाला नाही.

आता आमची घडी बसली आहे. प्लंबर कधी येणार हे मी कॅलेंडर बघून सांगू शकतो, दूध उतू जाताना हात खिशात ठेवू शकतो. परिणामी पाहुणे सुरू झाले आहेत. "तुम्ही साउथलाच आहात ना, मग रामेश्वर जवळच असेल," असं म्हणून नातेवाईक येतात. जरूर या. आडीत आलात तरी चालेल, पाहुण्यांना बंदी नाही. येताना ज्वारीचं पीठ आणा, इथे आमची भाकरीवाचून उपासमार चालू आहे. आमसुलं आणलीत तर पिशवीतच राहू द्या, कुंपणापलीकडे दिसता कामा नयेत. राजवाडा बघा, सरस्वती महाल ग्रंथालय बघा, भिंतीवरचा इतिहास बघा, छाती भरून येईल तेवढी येऊ द्या. फक्त जेवताना मामी आसपास असल्या तर संभाजीराजांचा विषय काढू नका. करार संपायला आला आहे आणि वाढवून घ्यायचा आहे.